सांध्यांचं काम

“बाई, नुसता गुडघा बघा. उघडायचं नाही,” मुकादम म्हणाला.

दीड पुरुष उंचीचं राखी चिलखत दुरुस्तीवाल्या बाईसमोर आपल्याच पायांवर उभं होतं. एकोणीस वर्षं ती अशीच चिलखतं दुरुस्त करत आली होती. एकाच फौजेची दोन शकलं झाली होती, राखी आणि तांबडी, आणि एका उजाड ग्रहावर ती एकमेकांशी लढत होती. राखीवाल्यांचं चिलखत बिघडलं की आतल्या सैनिकासकट चालत कारखान्यात यायचं. आतला माणूस डॉक्टरांनी बघायचा. तिचं काम सांध्यांचं.

तिने गुडघ्याची वाटी काढली आणि तिचा हात थांबला. वाटी एकाच कडेने झिजली होती. डावा पाय असा बाहेर फेकत चालणारा एकच माणूस तिला माहीत होता. तिने फडक्याने खांद्यावरची धूळ पुसली. नंबर धाकट्या भावाचाच होता. आठ महिने त्याचा निरोप नव्हता.

“अरे, मी आहे,” ती वर बघत म्हणाली. “होतास कुठे?”

“प्रकृती उत्तम. लढायला तयार.” आवाज भावाचाच.

“ताई म्हण की एकदा.”

“प्रकृती उत्तम. लढायला तयार.”

तोच स्वर. मध्ये घेतलेला श्वासही तोच.

चिलखत ज्या चौथऱ्यावर उभं होतं, त्याच्या वजनकाट्याकडे तिने पाहिलं. रिकाम्या चिलखतापेक्षा वजन जेमतेम पंधरा किलो जास्त होतं. भाऊ चांगला सत्तर किलोचा गडी.

“मुकादम, डॉक्टर शेवटचे कधी आले होते?”

तो ग्रीसच्या डब्याचं झाकण बसवत राहिला. “दोन वर्षं झाली असतील. येऊन करणार काय?”

“मग लढतंय कोण?”

“चिलखतंच. माणसाची चाल त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. तांबड्यांकडेही तेच असणार. नाहीतर एव्हाना कोणीतरी दमलं असतं.”

तिने मोठा पाना उचलला.

“बाई, नोकरी जाईल. नुसती नोकरी नाही.”

“जाऊ दे.”

छातीचे आठही बोल्ट तिने एकेक करून काढले. आतून वास आला नाही, फक्त कोरडी, गार हवा आली. वाळून गेलेला भाऊ हनुवटी छातीला टेकवून बसला होता. केस मानेवर वाढले होते. तिने त्याला काखेत हात घालून बाहेर घेतलं, टेबलावर निजवलं, अंगावर आपला कोट टाकला. एका पायातला मोजा घसरला होता. तो वर ओढून तिने नीट केला.

मागे रिकामं चिलखत म्हणालं, “प्रकृती उत्तम.” मग ते वळलं आणि वाटी नसलेला पाय फरफटत, लढाईच्या दिशेने निघून गेलं.

मुकादम दारात उभा होता. ती म्हणाली, “वर कळवायचं तर कळवा.”

“रांगेत पहिला उभा आहे ना,” तो बाहेर बघतच म्हणाला, “तो माझा जावई. तीन दिवस मी मागच्यांना पुढे सोडतोय. मुलीला काय सांगू, सुचत नाही.”

तिने हात पुसले आणि दुसऱ्या टेबलावरची हत्यारं बाजूला सारली.

“बोलवा त्याला आत,” ती म्हणाली. “बाहेर घेताना तुम्ही डोक्याकडे उभे राहा.”