तळावरचे दोन ठसे

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. हो, नुसती फळी. दीड हात लांब, दोन बोटं जाड. पण हसू नका. स्कॉटलंडमधल्या फाइफच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात गोल्फची काठी कुणाच्या मापाची आहे आणि कुणाच्या नाही, हे गेली चाळीस वर्षं मीच सांगत आले आहे. आणि अजून एकदाही चुकलेली नाही.

माझा जन्म मासेमारीच्या एका होडीत झाला. होडी मोडीत निघाली तेव्हा वॉटी इम्रीने मला उचललं आणि रंधा मारून गुळगुळीत केलं. वॉटी गोल्फच्या काठ्या दुरुस्त करतो. त्याने माझ्या अंगाला निळा खडू फासायचा, माझ्यावर चेंडू ठेवायचा आणि गिऱ्हाइकाने तो मारायचा, एवढंच माझं काम. काठीच्या लोखंडी डोक्याचा तळ मला जिथे घासतो, तिथे त्याला निळा ठसा लागतो. ठसा मधोमध आला, तर काठी तुमच्या मापाची. पुढच्या टोकाला, म्हणजे नाकाकडे आला, तर काठी तुम्हाला तोकडी आणि तुमचा चेंडू उजवीकडे पळणार. मागे टाचेकडे आला, तर काठी तुम्हाला लांब आणि चेंडू डावीकडे जाणार. यात न समजण्यासारखं काय आहे?

पण गोल्फ खेळणारा माणूस एरवी कितीही खरं बोलणारा असो, आपला चेंडू किती लांब जातो हे सांगताना हमखास फेकतो. आमच्या गावच्या एका डॉक्टरांनी तर वॉटीची पाठ वळताच नाकाकडचा ठसा अंगठ्याने पुसला आणि मधोमध खडू चोळला. त्यांना म्हणे काठ्या बदलायच्या नव्हत्या. अहो, फसवून फसवलं कुणाला? पुढचा अख्खा उन्हाळा त्यांचे चेंडू उजवीकडे समुद्रात जात होते.

मग वॉटीच्या मुलीने, ग्रिझेलने, दुकानात पडद्याचं यंत्र आणलं. वेग, कोन, उंची, सगळे आकडे क्षणात समोर. लोक वाहवा करू लागले आणि माझी रवानगी मागच्या खोलीत झाली, चहाच्या किटलीखाली. माझ्या अंगावर गोल डाग पडला, तो आजही आहे. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण माझ्यासारखीची गरज पुन्हा लागणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

एका शनिवारी नेटा रँकिन आली. नेटा वॉटीच्या वर्गातली, म्हणजे त्याच्यासारखीच सत्तरीची. ठेंगणी, चुणचुणीत बाई. तीन मैत्रिणींबरोबर दर मंगळवारी गोल्फ खेळायचा हा तिचा चाळीस वर्षांचा नेम. नवरा ड्युगल गेल्यापासून ती त्याच्याच काठ्यांनी खेळायची, आणि मंगळवार हाच तिचा खरा दिवस होता. पण हल्ली तिचा प्रत्येक चेंडू डावीकडच्या काटेरी झुडपांत जायचा. मैत्रिणी थांबून राहायच्या, चकार शब्द काढायच्या नाहीत, आणि नेमकं तेच तिला लागायचं. ग्रिझेलच्या यंत्राने तिच्या फटक्याचा वेग कमी दाखवला. ग्रिझेल बिचारी गोडीने म्हणाली, की वयोमानाने असं होतंच.

नेटाने काठ्यांची पिशवी तशीच उचलली आणि मागच्या खोलीत येऊन वॉटीसमोर ठेवली. "या ड्युगलच्या काठ्या ठेवून घे. कुणाला तरी देऊन टाक. मंगळवारी आता मी नाही."

वॉटीने किटली बाजूला केली, मला जमिनीवर ठेवलं आणि खडू फासला. जाता जाता एक फटका मारून जा, एवढंच तो म्हणाला. नेटाने कुरकुरतच मारला. ठसा पार टाचेला होता.

काठ्या मुठीच्या बाजूने दोन बोटं कापतो आणि डोक्याजवळची त्यांची मान जराशी वाकवतो, मग या तुला बसतील, असं वॉटीने सांगितलं. नेटा भडकलीच.

"ड्युगलच्या काठ्यांना करवत लावायची? तीस वर्षं हातात धरल्यात त्याने! खेळणं सोडेन, पण कापू देणार नाही."

वॉटीने बाहीने खडू पुसला आणि काठीचा तळ खिडकीच्या उजेडात धरला. टाचेपाशी लोखंड घासून चकचकीत झालं होतं. आणि तसाच दुसरा चकचकीत डाग नाकाकडेही होता. मधला भाग मात्र कोरा होता.

"टाचेचा हा डाग तुझा," वॉटी म्हणाला. "मग नाकाकडचा कुणाचा?"

नेटा बघतच राहिली. ड्युगल ताडमाड उंच माणूस, ती जेमतेम त्याच्या कोपरापर्यंत यायची.

"म्हणजे त्यालाही या कधी बसल्याच नाहीत?"

"दुकानातून तयार घेतल्या होत्या त्याने. मी दोनदा म्हटलं, मापून देतो. तर म्हणतो कसा, काठीत खोट नाही रे, वाऱ्यात आहे."

नेटाला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत टचकन पाणी आलं. "तीस वर्षं मी त्याच्या मागे उजवीकडच्या झुडपांत चेंडू शोधत हिंडले, वॉटी. आणि आता एकटी डावीकडे हिंडते."

"कापायचं ते मुठीकडून. तळाला मी हात लावणार नाही. त्याची खूण राहील."

तिने काठीचं नाक एकदा बोटाने पुसलं. "मग काप."

दोन दिवसांनी ती पुन्हा माझ्यावर चेंडू मारायला आली. ठसा त्या कोऱ्या जागी उमटला, अगदी मधोमध. ग्रिझेलने तो दोनदा वाकून पाहिला. मग तिने मला ओल्या फडक्याने पुसून यंत्राशेजारी ठेवलं, आणि किटलीसाठी दुसरी फळी शोधली.

मित्रांनो, माझं मागणं थोडकंच आहे. वयाला नावं ठेवण्याआधी, वाऱ्याला शिव्या घालण्याआधी, हातातली काठी आपल्या मापाची आहे का, ते एकदा बघा. आणि जुनी फळी दिसली, की तिच्यावर किटली ठेवू नका.

हां, मंगळवारचं राहिलंच. नेटाची पिशवी घेऊन वॉटी स्वतः गेला होता. तो सांगत होता, तिने पहिला फटका मारला आणि सवयीने तडक डावीकडच्या झुडपांत जाऊन शोधू लागली. मैत्रिणींनी हाका मारून तिला बोलावलं. चेंडू हिरवळीच्या मधोमध पडला होता. ती क्षणभर उजवीकडच्या झुडपांकडे बघत उभी राहिली, आणि मग सरळ चालत चेंडूपाशी गेली.