सात नंबरची पेटी

"तात्या, एकतीसच भरतायत. दहाचा सॉकेट न्हाय."

रोहिणीने सात नंबरची पेटी माझ्या खिडकीत ठेवली आणि सॉकेटची, म्हणजे बोल्ट फिरवायला पान्याला लावतात त्या टोप्यांची, पत्र्याची डबी उघडून माझ्या नाकापुढे धरली. रोहिणी माझी थोरली पोरगी. विमान दुरुस्तीच्या कोर्सला दुसऱ्या वर्षाला आहे. आणि मी त्याच कॉलेजच्या हत्यारांच्या स्टोअरचा कीपर, दत्तोबा खारतोडे, राहणार कळस, तालुका इंदापूर. घरी मी तात्या, आणि बारामतीच्या या कॉलेजात प्रिन्सिपलपासून शिपायापर्यंत सगळ्यांचाही तात्याच.

"नीट बघ. फडक्यात गुंडाळला असंल."

"तीनदा मोजलं."

आमच्या धंद्यात एक नियम आहे, तो मी पोरांच्या कानीकपाळी रोज ओरडत असतो. विमानापाशी बत्तीस हत्यारं गेली तर बत्तीसच परत आली पाहिजेत. एक जरी कमी भरलं तर ते विमानातच पडलंय असं धरायचं, आणि सापडेपर्यंत इंजिनाला हात लावायचा नाही. याआधी साखर कारखान्याच्या वर्कशॉपात मी एकोणीस वर्षं काढली. तिथं पाना हरवला की फोरमन दोन शिव्या घालायचा आणि नवा काढून द्यायचा, विषय संपला. इथं तसं चालत नाही. म्हणून प्रत्येक हत्यारावर पेटीचा नंबर कोरलेला असतो, आणि पेटी घेणाऱ्याने माझ्यासमोर एकेक नग मोजून मगच रजिस्टरला सही करायची. कुणी न मोजता पेन उचललं तर मी पेन काढून घेतो. पोरं मागून मला 'बत्तीसतात्या' म्हणतात. म्हणू देत.

पण हे आजच व्हायला नको होतं. हैदराबादच्या विमान कंपनीची माणसं सकाळपासून कॉलेजात आली होती. प्रॅक्टिकल घेऊन ती चार पोरं निवडणार होती, दोन वर्षं खऱ्या विमानांवर काम शिकवायला. रोहिणी गेले सहा महिने त्या चारांत येण्यासाठी झटत होती. कळसहून सकाळच्या एसटीने यायचं, बोल्ट ढिले पडू नयेत म्हणून बांधतात ती लोखंडी तार पिळून पिळून बोटं सोलून घ्यायची. कळसला पारावर लोक मला विचारायचे, "दत्तोबा, पोरगी इमानाचं पंक्चर काढायला शिकती म्हणं?" मी म्हणायचो, "व्हय. पर तुमी बसाल त्या इमानाचं काढणार न्हाय."

आणि आज दुपारच्या प्रॅक्टिकलात तिने विमानावरचं काम सगळ्यांच्या आधी संपवलं होतं. आमचे शितोळे सर, एअर फोर्समधून रिटायर झालेले, तोंडातून शब्द काढायला महाग. ते माझ्या खिडकीवरून जाताना नुसते म्हणाले, "तात्या, पोरगी पहिली आहे." मी त्या आनंदात दोन चहा प्यालो. आता चार वाजता पाहुण्यांसमोर सरावाच्या विमानाचं इंजिन सुरू करून दाखवायचं, मग निकाल, आणि मग पाहुणे पुण्याला जाणार. आणि सव्वातीनला ही बाई एकतीस म्हणून उभी.

मी इकडेतिकडे पाहिलं. टेबलाचा खण ओढला. आत दहा नंबरचा एक नवाकोरा सॉकेट होता, जादा आलेला, नंबर न टाकलेला. तो मी हळूच तिच्या डबीत ठेवला.

"जा. झालं बत्तीस. त्यो पडला असंल कुठंतरी गवतात. उद्या सावकाश हुडकू."

तिने सॉकेट उचलला, उलटासुलटा करून पाहिला, आणि परत माझ्या टेबलावर ठेवला.

"ह्यो आपला न्हाय तात्या. ह्याच्यावर सात न्हाय."

"आगं, कोण बघतंय?"

"आन इंजिनात असला तर? मी आठचा काढताना डबी उपडी केलीवती. घाई होती. मला छातीला हात लावून सांगता येत न्हाय."

"रोहिणे, आजचा दिस हाय गं. येडेपणा करू नगंस."

तिने भिंतीवरची लाल पट्टी खुंटीवरून काढली आणि चालू लागली. मी खिडकीतून मान बाहेर काढून पाहत राहिलो. ती सरळ विमानापाशी गेली, पाहुण्यांच्या खुर्च्यांसमोरून, आणि इंजिनापुढच्या पंख्याला लाल पट्टी बांधली. पट्टी बांधली की विमान बंद. मग प्रिन्सिपल असोत नाहीतर आणखी कोण. शितोळे सरांना तिने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण सरांनी घड्याळ पाहिलं आणि शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

मला राग आला, खोटं कशाला सांगू? एवढ्या पोरांत एकीलाच अक्कल आली होती! बाकीच्यांनी मुकाट्याने नवा सॉकेट घेतला असता. रागाच्या खाली थोडा अभिमानही होता, पण ते तेव्हा मी कबूल केलं नसतं.

मग शोधाशोध सुरू झाली. इंजिनावरचं झाकण उतरवलं. दांडीला लावलेला आरसा, बॅटरी, लोहचुंबक, सगळं माझ्याच स्टोअरमधून गेलं. पोरं गवतात ओणवी होऊन बोटांनी चाचपत होती. कंपनीच्या देवधर मॅडम खुर्चीवरून उठून स्वतः इंजिनात डोकावत होत्या. प्रिन्सिपल साहेब घाम पुसत मला म्हणाले, "तात्या, तुमच्या मुलीने आज नाक कापलं आमचं." मी मान खाली घातली. चार वाजून गेले.

तेवढ्यात कँटीनची सिंधुबाई रसाच्या ग्लासांचा ट्रे घेऊन आली. पाहुण्यांना उसाचा रस द्यायचा ही प्रिन्सिपल साहेबांची हौस. त्यासाठी सकाळीच हातचरक आणून ठेवला होता.

"तात्या," सिंधुबाई म्हणाली, "त्यो चरक पुन्यांदा खडखडाय लागलाय बगा. सकाळवानी वाईच आवळून देता का?"

मी 'सकाळवानी' हा शब्द पुन्हा मनात म्हटला.

सकाळी साडेआठला मीच चरकाच्या लाटेचा, म्हणजे ऊस पिळणाऱ्या रुळाचा, बोल्ट आवळला होता. दहा नंबरचा बोल्ट. आणि सॉकेट कुठून घेतला होता? सात नंबरच्या पेटीतून. दुसऱ्या कुणा पोराच्या पेटीला मी मेलो तरी हात लावला नसता. पण सात नंबरची पेटी घरच्या पोरीची. आपल्याकडे पाहुणा आला की आधी घरच्यांच्या ताटातलंच कमी करतात ना, तसंच मी केलं. बोल्ट आवळतोय तोवर साहेबांनी बॅनर वाकडा झाला म्हणून हाक मारली आणि मी सॉकेट तिथंच टाकून धावलो.

मी कँटीनमागे गेलो. चरकाखाली चिपाडांचा ढीग, त्यावर मुंग्या. हात घातला. सॉकेट सापडला, रसाने चिकट झालेला, आणि अंगावर स्पष्ट सातचा आकडा.

सांगायला लाज वाटते, पण सगळं सांगतोय तर हेही सांगतो. मी तो नळाखाली धुतला, शर्टाला पुसला, आणि उभा राहून विचार केला. डबीला आतून मखमली अस्तर आहे, एका कोपऱ्याला सुटलेलं. 'अस्तराखाली सरकला होता' म्हटलं की झालं. कुणाचीच चूक नाही. पोरगी पहिलीच राहणार, मीही सुटणार. सिंधुबाई कुणाला काही बोलणारी नव्हे.

आणि खरं सांगितलं तर? तर पेटी सकाळीच एकतीसची होती, आणि रोहिणीने बत्तीसवर सही केली होती, हे उघड होणार. पेटी तपासून घेण्याचे दहा मार्क असतात. ते जाणार. तिने का नाही मोजलं, तेही मलाच माहीत होतं. कोर्सच्या पहिल्या दिवशी ती मोजायला लागली तेव्हा मीच हसून म्हटलं होतं, "बापाच्या हातचं मोजून घेतीस व्हय गं?" आमच्याकडे वडीलधाऱ्याने हातावर ठेवलेलं मोजत नाहीत. मोजणं म्हणजे संशय घेणं. बिचारी त्या दिवसापासून माझ्या हातची पेटी कधी मोजत नव्हती. आणि मी, बत्तीसतात्या, सगळ्या गावाची पोरं मोजायला लावणारा, त्या एका सहीला मात्र खुशाल पेन पुढे करत होतो.

मी डबीपर्यंत गेलो. अस्तर उचकटायला नखही लावलं. पण समोर ती दिसत होती. चाकाजवळ गुडघ्यावर बसून, हाताला ग्रीस, चेहरा उन्हाने लाल, एकेक इंच जमीन चाचपत. जे माझ्या हातून हरवलं होतं ते ती स्वतःच्या चुकीत शोधत होती. आणि मी खोटं बोललो असतो तर अस्तर नीट बघितलं नाही म्हणून ती जन्मभर स्वतःलाच दोष देत राहिली असती, आणि मी रोज रात्री तिच्यासमोर भाकरी खाल्ली असती. माझ्याच्याने ते झालं नाही.

मी सगळ्यांच्या मधे जाऊन उभा राहिलो आणि सॉकेट वर धरला.

"थांबा सगळी. विमानात काय बी न्हाय. ह्यो मी नेलावता. सकाळी, चरकाला. नोंद केली न्हाय, आन पोरीला भरलेली म्हणून पेटी दिली. चूक माजी हाय."

प्रिन्सिपल साहेब काहीतरी बोलणार होते, पण शितोळे सरांनी हात आडवा केला. देवधर मॅडमनी सॉकेट घेऊन नंबर पाहिला आणि रोहिणीकडे वळल्या.

"सकाळी पेटी घेताना मोजली होती?"

"नाही मॅडम."

"सही केली होती?"

"हो."

"का नाही मोजली?"

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. "वडिलांच्या हातची होती."

मॅडम म्हणाल्या, "तपासणीचे दहा मार्क मी देऊ शकत नाही. तू सांगितलं नसतंस तर कुणाला कळलंही नसतं, ते मला दिसतंय. पण सही तुझी आहे."

"बरोबर आहे मॅडम," रोहिणी म्हणाली.

मला वाटलं मधे पडावं, हात जोडावेत. पण मी तिच्याकडे पाहिलं. तिची मान ताठ होती.

साडेचारला निकाल वाचला. चार नावं. अविराज, रेश्मा, आणखी दोघं. रोहिणी पाचवी. पुढची निवड सहा महिन्यांनी. पोरांनी टाळ्या वाजवल्या, तिनेही वाजवल्या, रेश्माला मिठी मारली. मी स्टोअरच्या दारात बसून प्रिन्सिपल साहेबांना द्यायचा लेखी जबाब लिहीत होतो आणि मला अक्षर दिसत नव्हतं. रोहिणी येऊन शेजारी बसली.

"तात्या, जबाब झाला का ल्हून?"

"माज्यामुळं गेलं गं तुजं. माज्या हातानं गेलं."

"गेलं तर गेलं. सा म्हैन्यांनी हाय की परत." मग म्हणाली, "तुमी अस्तरापाशी गेल्यालं मी बघितलंवतं."

मी पेनाला टोपण लावलं.

"मला लई भ्या वाटलंवतं तात्या," ती म्हणाली. "सॉकेटचं न्हाय. तुमी खोटं बोलताय का काय, त्याचं."

मी उपरण्याने तोंड पुसलं. माझी पोरगी सगळ्यांत हुशार आहे हे मला ठाऊक होतं. पण ती मला एवढ्या उंचावर ठेवून होती हे मात्र माहीत नव्हतं.

शितोळे सरांनी हाक मारली. पाहुणे थांबले होते, इंजिन अजून सुरू व्हायचं होतं. लाल पट्टी ज्याने बांधली त्यानेच सोडायची, आणि आधी रजिस्टरला लिहायचं की हत्यारं पूर्ण आहेत, इंजिन सुरू करायला हरकत नाही. रोहिणी उठली. त्या दिवशी विमानावर गेलेल्या सातही पेट्या तिने खिडकीतून बाहेर घेतल्या आणि एकेक नग माझ्या देखत, मोठ्याने मोजला. मीही तिच्याबरोबर मोजत होतो. मग रजिस्टर पुढे ओढलं.

"नुसती छोटी सही चालेल," देवधर मॅडम म्हणाल्या, "वेळ झालाय."

"पूर्ण करते मॅडम," ती म्हणाली.

आणि तिने सावकाश, अक्षर अन् अक्षर काढून लिहिलं: रोहिणी दत्तोबा खारतोडे. खाली वेळ टाकली. मग पंख्याची पट्टी सोडली, बाजूला झाली आणि शितोळे सरांना हात केला.

त्या नावावर इंजिन सुरू झालं. इंजिन चालू होताना जवळच्या माणसाने डोक्यावरचं काढायचं असतं, वाऱ्याने उडून आत जाऊ नये म्हणून. मी टोपी काढली, दोन्ही हातांत धरली, आणि माझी पोरगी उभी होती तिकडे तोंड करून उभा राहिलो.