सुलाबाईनं कुणाचा विमा काढला

मित्रांनो, मी रेक्झिनची एक जुनी पिशवी आहे. माझा रंग एके काळी तपकिरी होता. आता माझी चेन तुटली आहे आणि एका बंदाच्या जागी सुतळी आहे. मी फार ठिकाणं पाहिली नाहीत. मानवत ते परभणी एवढंच माझं जग. पण त्या रस्त्यावर मी जे वाहिलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

मानवतच्या बाजारात बन्सीधरशेठचं दुकान होतं. तिथं जीपच्या आणि स्कूटरच्या सीटांना कव्हरं शिवली जात. एका जीपचं काम संपल्यावर उरलेल्या तुकड्यांतून सुलाबाईनं जेवणाच्या सुट्टीत मला शिवलं. दुहेरी शिलाई मारली, बंद ओढून पाहिले. शेठ म्हणाले, "सुलाबाई, ही तर विकायजोगी झाली की!" माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक ते.

सुलाबाई त्या दुकानात मशीनवर बसायची. जेवढी कव्हरं, तेवढी मजुरी. तिचा नवरा पुण्याला कामाला गेला आणि तिकडंच त्यानं दुसरा संसार थाटला. इकडं राहिल्या त्या सुलाबाई आणि तिची यशोधरा. यशूला लहानपणापासून दमा. थंडी पडली की पोरीची छाती वाजायला लागायची. तिच्या औषधाच्या चिठ्ठ्या, रिकाम्या बाटल्या, भाकरीचं फडकं, सगळं माझ्याच पोटात असायचं.

एका हिवाळ्यात यशूला परभणीच्या खाजगी दवाखान्यात आठ दिवस ठेवावं लागलं. सुलाबाईच्या कानातली फुलं तेव्हा गेली. त्यानंतर महिन्याभरानं किशनराव नावाचे विम्याचे एजंट स्कूटरची सीट शिवून घ्यायला दुकानात आले. आजारपणाचा नवीन विमा निघालाय, दवाखान्याचा खर्च कंपनी देते, असं ते शेठना सांगत होते. सुलाबाईचं मशीन थांबलं.

"आमाला भेटंल का तो?" तिनं विचारलं.

"कुणालाबी भेटतो. वर्साला हप्ता भरायचा."

मग सुरू झाल्या परभणीच्या खेपा. पहिल्या वेळी विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चामुळं एसटी बंद होती. आम्ही दुपारपर्यंत स्टँडवर बसून परत आलो. दुसऱ्या वेळी विमा कंपनीचे साहेब दौऱ्यावर होते. प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी बुडायची. एका दवाखान्यानंही स्वतःचं सवलतीचं कार्ड काढलं होतं. तेही तिनं जाऊन पाहिलं. त्यात तपासणी फुकट होती, पण औषध आणि ऑपरेशन वेगळं. एक जण म्हणाला, आयुर्विमा घ्या, वीस वर्षांनी पैसे परत मिळतील. सुलाबाई म्हणाली, "दुखणं वीस वर्सं थांबंल का दादा?" आणि मला खांद्याला लावून बाहेर पडली.

तिसऱ्या खेपेला साहेब भेटले. माणूस सरळ होता. इंग्रजीतले नियम त्यांनी एकेक करून मराठीत सांगितले. आधीचा आजार विम्यात धरत नाहीत. दवाखाना किमान पंधरा खाटांचा हवा. आधी बिल आपण भरायचं, मग कंपनी देणार. सुलाबाईनं हे सगळं यशूच्या वहीच्या पाठच्या पानावर लिहून घेतलं.

बाहेर चहाच्या टपरीवर किशनराव हळूच म्हणाले, "पोरीचा दमा फारमात लिवूच नका."

"आन उद्या त्यायनी जुन्या चिठ्ठ्या मागितल्या तर?"

"तर भेटणार न्हाई," किशनराव खाली मान घालून म्हणाले. "खोटं कशाला सांगू."

हप्ता एकाचाच झेपण्यासारखा होता. दोन दिवस सुलाबाई वहीचं ते पान काढून बघत होती. मशीनवर तिच्या हातून एक कव्हर उलटं शिवलं गेलं. तिसऱ्या दिवशी तिनं फॉर्म भरला, स्वतःच्या नावाचा.

गल्लीत हे कळायला वेळ लागला नाही. शेजारच्या लक्ष्मीबाई दारातच उभ्या राहिल्या. "पोरगी सदा आजारी, आन विमा काढला सोताचा? आसली आय मी तरी बघितली न्हाई!"

यशू आत अभ्यास करत होती. तिनं ऐकलं. सुलाबाईनं विम्याचा कागद माझ्यात ठेवला, चेन लावली आणि भात टाकायला गेली. मला बोलता आलं असतं तर मी त्या दिवशी नक्की बोलले असते.

दुसऱ्या वर्षाचा हप्ताही तिनं ओढूनताणून भरला. त्या श्रावणात एका दुपारी सुलाबाई मशीनवरच पोट धरून वाकली. जवळच्या डॉक्टरांनी दाबून पाहिलं. "अपेंडिक्स आहे. ऑपरेशन करावं लागेल, आजच."

घामानं डबडबलेली सुलाबाई म्हणाली, "डॉक्टरसाब, तुमच्याकडं खाटा किती हायत?"

"सहा. का हो?"

"मग इथं नगं. पंधरा खाटाच्या दवाखान्यात न्या मला."

कंपाउंडर हसला. शेठ हसले नाहीत. त्यांनी गिऱ्हाइकाची जीप मागून घेतली आणि भरायची रक्कमही उचल म्हणून दिली. मला छातीशी धरून यशू पुढच्या सीटवर बसली.

परभणीला ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी आईला पाणी पाजताना यशूनं विचारलं, "आई, लक्षीमावशी म्हनती ते खरं हाय का? तू माझा विमा का न्हाई काढला?"

सुलाबाईला बोलताना टाके ओढत होते. "तुज्या दम्याला त्ये पैशे देत न्हाईत, बाळा. आन तू पडलीस तर तुला उचलायला मी हाय. मी पडल्यावर तुला कोन हाय?"

यशू दहा वर्षांची होती. तिनं पेला खाली ठेवला आणि आईच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

पैसे लगेच आले नाहीत. एका बिलावर शिक्का नव्हता, एक तारीख चुकली होती. पाच महिने मी कागद घेऊन परभणीला ये-जा करत होते. तेव्हाच माझा बंद तुटला. शेवटी चेक आला, थोडी कापाकापी होऊन. शेठची उचल फिटली. सुलाबाईला आनंद झाला असेल, पण त्या दिवशी ती भिंतीला टेकली आणि बसल्या बसल्या झोपून गेली. लक्ष्मीबाई आल्या, तिला तसं पाहून चुलीवरच्या भाकरी त्यांनीच भाजल्या.

पुढं यशूचाही विमा निघाला. त्यात दमा धरला नव्हता, पण बाकीचं सारं होतं. कागद ठेवायला नवी बॅग आली आणि मी खुंटीवर गेले. वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही. धूळ बसली, उंदरांनी कोपरा कुरतडला. माझी तक्रार नाही, पण एकेकदा वाटतं, कुणी ओल्या फडक्यानं पुसलं असतं तर मी अजून चार वर्षं चालले असते.

मित्रांनो, रोज उपयोगी पडणारी वस्तू मोडल्याशिवाय तिच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. माणसाचंही तसंच होतं. तुमच्या घरात सगळ्यांची औषधं वेळेवर देणारं एक माणूस असेल. आज शाळेतून घरी गेल्यावर त्याच्याजवळ बसा आणि विचारा, तुझं कुठं दुखतंय का? पहिल्यांदा ते नाही म्हणेल. तुम्ही पुन्हा विचारा.