देवचाराची दोन पानं

रमाकांतने टाइप केलेली पानं टेबलावर पसरली आणि लग्नपत्रिकांचे नमुने कोपरानं बाजूला सारले. लालबागमधल्या त्याच्या छपाईच्या दुकानाचं शटर रविवारी अर्धं खाली असायचं. त्यामुळे गिऱ्हाईक आत येत नसे, समोरच्या मसालेवाल्याकडचा मिरचीचा खकाणा मात्र न चुकता येई.

"तीन फर्मे म्हणजे अठ्ठेचाळीस पानं," तो म्हणाला. "आपली होतायत पन्नास. दोन पानांसाठी मी चौथा फर्मा लावणार नाही. सात लोकांतले एक लोक गाळा आणि मला मोकळं करा."

सात लोक म्हणजे वनलोक, खाणलोक, नागलोक, गिऱ्हे, चकवे, मुंजे आणि देवचार. घोडपदेवच्या चाळीत शाळकरी वयात रमाकांत, विनीत, हर्षवर्धन आणि कालिंदी या चौघांनी हा खेळ रचला होता आणि आता पन्नाशी दिसायला लागल्यावर त्याचं पुस्तक काढायचं त्यांच्या मनात आलं होतं. खेळ तसा सोपा. एकाने सूत्रधार व्हायचं आणि समोर डोंगर आहे की राक्षस, ते सांगायचं. बाकीच्यांनी आधी आपण कोण ते निवडायचं आणि मग आपण काय करतो ते बोलायचं. अडलं की फासा.

"यात विचार कसला?" विनीत म्हणाला. "देवचार काढ."

कालिंदीने नुकताच नारळाच्या वड्यांचा डबा उघडून ठेवला होता. तिने झाकण परत लावलं.

मूळ खेळ विनीतच्या बोटीवरच्या मामाने आणला होता. इंग्रजी पुस्तक, निम्मं डिक्शनरीत बघून कळलेलं, निम्मं कधीच न कळलेलं. त्यात प्रत्येकाने कुठल्या वंशाचं व्हायचं ते ठरवायचं होतं, आणि विनीतने वहीत आखताना त्या रकान्यावर झोकात 'जात' असं लिहिलं. हर्षवर्धन तेव्हा सातवीत होता. त्याने ती वही बंद करून विनीतच्या मांडीवर ठेवली. जन्माला आला म्हणून एकाला जास्त ताकद आणि दुसऱ्याला जास्त अक्कल, असलं आमच्या घरात शिकवत नाहीत, म्हणाला, आणि मी खेळणार नाही. तासभर भांडण झालं. शेवटी 'जात' खोडून 'लोक' लिहिलं गेलं आणि ताकद, अक्कल ज्याने त्याने खेळात कमवायची असं ठरलं. खाणलोकांची युनियन ही हर्षवर्धनचीच भर. ते भुयारात शिरायच्या आधी मजुरी ठरवून घेत आणि ऐन राक्षसासमोर संपावर बसत. गिरणीच्या संपात ज्यांची घरं पोळली होती त्या पोरांना यात फार मजा येई.

आणि देवचार कालिंदीसाठी झाला होता.

तिच्या आईची खानावळ होती. दिवेलागणीला गॅलरीत खेळ रंगायचा आणि नेमकी तेव्हाच कालिंदी उंबऱ्याच्या आत पोळपाट घेऊन बसलेली. कान बाहेर, हात पिठात. मग एकदा रमाकांत म्हणाला, ही देवचार होऊ दे. गावाच्या शिवेवर राखण करायची. शीव ओलांडायची नाही. पण जंगलातून परत येणाऱ्या प्रत्येकाने तिच्यापुढे थांबायचं आणि काय काय झालं ते सगळं सांगायचं. खोटं बोलला तर शीव उघडणार नाही आणि जखमा भरणार नाहीत. तेव्हापासून पोरं रोज उंबऱ्याशी ओळीने उकिडवी बसून तिला जबान्या देत, आणि ती चपाती उलटत विचारी, "मग? पुढे काय झालं?"

आई जाऊन आता दोन वर्षं होत आली होती. परळला कालिंदीचं स्वतःचं पोळीभाजी केंद्र होतं, हाताखाली तीन बायका होत्या. पण त्या गॅलरीत आपणही होतो, याला तिच्यापाशी या दोन पानांखेरीज पुरावा नव्हता. फोटोत ती कुठेच नाही. फोटो काढायच्या वेळीही ती आतच असणार.

"अरे, फिरण्याचा खेळ आहे," विनीत समजावत होता. तो आता टॉवरमध्ये राहायचा आणि सगळं समजावूनच सांगायचा. "त्यात जो फिरूच शकत नाही तो खेळाडू कसला? विकत घेणारा हसेल. कोण घेईल देवचार?"

"वनलोक काढा त्यापेक्षा," हर्षवर्धन म्हणाला. "टोकदार कानाचे गोरेगोमटे घोडपदेवात कधी दिसले? उसने आणलेत."

"ते नसतील तर नवीन पोरं पुस्तकाला हात लावणार नाहीत," विनीत म्हणाला.

"आणि तुझा मुंजा? मुंजा पिंपळ सोडून जात नाही हे बालवाडीतल्या पोराला माहितीये. तो बरा गावभर हिंडायचा."

"तो पिंपळाचं पान खिशात ठेवायचा ना," विनीत म्हणाला. "नियमातच आहे ते. पान खिशात असलं की झालं."

रमाकांत हसला. कालिंदी हसली नाही.

"मग मला का नाही दिलंत असलं काही?" तिने विचारलं. "शिवेवरचा एखादा दगड खिशात घालून आले असते मीही."

मग रमाकांत म्हणाला, "तो माझ्या आजयेचो नियम गो. देवचार शीव ओलांडणा नाय म्हणजे नाय. तिका कोण सांगतलो?"

"मुंज्याचा नियम कुणाच्या आजीचा होता? तो बरा वाकवलात."

"तू जंगलात आली असतीस तर खेळ दर दहा मिनिटांनी अडला असता," रमाकांत आता शहरी मराठीत आला. "आई हाक मारायची. तू उठायचीस. तू जिथे होतीस तिथेच तुझी जागा केली आम्ही. त्यातल्या त्यात."

ते खरं होतं. तिने डब्याचं झाकण काढलं, एक वडी तोंडात टाकली.

"बोलून नको ठरवायला," ती म्हणाली. "एक डाव खेळू. देवचार लागतो की नाही ते कळेल."

"चालेल," विनीत म्हणाला. "बस तू शिवेवर."

"मी कशाला? ज्याला तो नकोय त्याने बसावं. मी आज वनलोकांतली होते."

हर्षवर्धनने तिच्याकडे नीट पाहून घेतलं. "टोकदार कान शोभतील तुला."

"तुझ्या युनियनपेक्षा बरे."

विनीत दुकानाच्या दाराशी स्टुलावर जाऊन बसला आणि त्याने मोबाइल काढला. रमाकांतने फासा टेबलाच्या मध्ये ठेवला आणि त्याचा आवाज एकदम तो जुना, गॅलरीतला झाला.

"जंगल लागलं. वाट दोन ठिकाणी फुटते. कालिंदी, तू काय करतेस?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? पाय तुझे. कुठे जातेस?"

हा प्रश्न तिला या खेळात कधी कुणी विचारला नव्हता. जंगल तर तिला पाठ होतं. डाव्या वाटेला पारंब्यांचा पूल, ज्यावरून हर्षवर्धन दरवेळी पडायचा. पुलापलीकडे चकव्यांचा माळ. सगळं ऐकलेलं, सगळं कणकेच्या वासाचं.

"उजवीकडे," ती म्हणाली.

"तिकडे आपण कधी गेलोच नाही," हर्षवर्धन म्हणाला.

"म्हणूनच म्हणते."

रमाकांतने डोकं खाजवलं. उजवीकडचं जंगल त्याने रचलेलंच नव्हतं. "थांब हां. तिकडे... तळं आहे. आटलेलं. मधोमध एक होडी, आणि होडीत दिवा."

"खाणलोक आटलेल्या तळ्यात उतरत नाहीत," हर्षवर्धन म्हणाला. "आधी मजुरीचं बोला."

"तू बस काठावर. मी चालले."

"एकटी? कालिंदी, मूर्खपणा आहे हा."

"असू दे."

तिने फासा टाकला. पाय चिखलात रुतला. पुन्हा टाकला, निघाला. होडीत जे निघालं ते पाहून हर्षवर्धनने संप मोडला आणि धावत आला, मग दोघंही असे काही अडकले की रमाकांतला हसू आवरेना आणि त्याला पुढचं बोलता येईना. कालिंदीने तीन वेळा चुकीचं ठरवलं. तिन्ही वेळा तिला कुणी आतून हाक मारली नाही. पदर खोचून ती खुर्चीच्या कडेवर आली होती आणि तिच्या चहावर साय धरली होती.

दाराशी मोबाइल केव्हाच खिशात गेला होता.

"काय चाललंय?" विनीतने विचारलं. "मला इथून ऐकू येत नाहीये."

"देवचाराने शीव सोडायची नाही," हर्षवर्धन म्हणाला.

"सोडत नाहीये रे, विचारतोय फक्त. होडीत कोण होतं?"

"परत येऊ तेव्हा सांगू."

विनीतने स्टूल इंचाइंचाने पुढे सरकवलं. त्यांनी मुद्दाम आवाज खाली आणला. शेवटी दोघं चिखलाने माखून शिवेशी पोचले, म्हणजे टेबल सोडून दाराशी जाऊन उभे राहिले, आणि विनीत कमरेवर हात ठेवून उठला.

"काय आणलंत?"

"काही नाही," कालिंदी म्हणाली.

"खोटं."

"नाही आणलं काही. तळं आटलेलं होतं."

"मग हा का हसतोय? शीव उघडणार नाही, कालू. उभी राहा इथेच. मलाही घाई नाही, मी सगळी दुपार याचसाठी बसलोय."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टेत बोलत नव्हता. त्याला खरंच ऐकायचं होतं.

मागून रमाकांत पानं गोळा करत म्हणाला, "मग गाळायचं कुणाला? मला उद्या प्लेटा करायच्यात."

"नागलोक काढ रे," विनीत त्याच्याकडे न बघताच म्हणाला. "त्यांना कुणी कधी घेतलंच नाही."

नागलोकांची बाजू घ्यायला खरंच कुणी नव्हतं. रमाकांतने त्यांची दोन पानं वेगळी काढून रद्दीवर टाकली. कालिंदीने ते पाहिलं, पण आता तिचं लक्ष तिकडे फारसं नव्हतं.

"बोल ना," विनीत म्हणाला. "होडीत कोण होतं?"

"मधलं नाही सांगणार. पहिल्यापासून सांगणार."

"सांग."

तिने पदराने कपाळ पुसलं आणि शटरच्या खांबाला टेकून उभी राहिली.

"जंगल लागलं," ती म्हणाली. "वाट दोन ठिकाणी फुटत होती. मी म्हटलं, उजवीकडे."