कंटाळ्याचे टाके

मित्रांनो, माझ्यावर बसण्याआधी तुम्ही चपला काढता, तेवढ्या मानावर माझं आयुष्य गेलं. मी एक जुनी सतरंजी. जन्म पानिपतच्या मागावरचा. हे ऐकून मराठी माणूस आधी उसासा टाकतो. पण माझं तिथे काही हरवलं नाही, मी तिथेच घडले. पुढे चंदीगडला आले आणि इथल्या मराठी मंडळींच्या कीर्तनात अंथरली जाऊ लागले.

कीर्तन इंद्रायणीकाकू करायच्या. दिवसा सेक्टर ३०च्या प्रयोगशाळेत यंत्रं तपासायच्या, एकादशीला नऊवारी नेसून हरिनामाला उभ्या राहायच्या. त्या रंगात आल्या की माझ्यावरची माणसं डोलायची. वाटायचं, आपण सुती नाही, रेशमी आहोत. मात्र कथा रेंगाळली की श्रोते नकळत माझी सुतं उपसत बसायचे. कीर्तन संपलं की काकू स्वतः मला झटकत आणि सुई-दोरा घेऊन बसत. त्यांचा नियमच होता: ज्याने कंटाळा आणला, त्याने टाका घालायचा.

एका गणेशोत्सवात काकूंनंतर कश्मिरा उभी राहिली. फौजी घरातली, मोहालीत आयटीत नोकरी करणारी, मराठी समजून हिंदीत उत्तर देणारी. तिला स्टँड-अप करून लोकांना हसवायचं होतं. फोनवरून उचललेले विनोद तिने धडाधड सांगितले. लोक भले, त्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी मात्र लक्तरं झाली.

"काकू, टाळ्या तो मिली ना?" तिने विचारलं.

"टाळ्या हात वाजवतात, बाळा. खरं काय ते सतरंजीला विचार," म्हणत काकूंनी तिच्या हातात सुई दिली.

ती रडेल असं वाटलं होतं. पण तिने मांडी घातली. बोटाला सुई टोचली, तरी शेवटचा टाका घालूनच उठली, आणि काकूंकडून मला मागून घेऊन गेली.

मग कॅफेत, वसतिगृहात, कुणाच्या गच्चीवर, मिळेल तिथे ती मला अंथरायची. कधी समोर दोन-चारच माणसं. घरचे म्हणत, चांगली नोकरी आहे, हे काय खूळ? ती ऑफिस करून यायची, माझी सुतं तपासायची आणि पुन्हा नवं लिहायला बसायची. एकदा तिने उसने विनोद टाकून घरचीच गोष्ट सांगितली. बाबांची बदली झाली की नव्या क्वार्टरला जुने पडदे कधीच पुरायचे नाहीत. शेवटी आईने वैतागून त्यांचे बाबांना पायजमे शिवले. माझ्यावरच्या मांड्या गदगदा हलल्या. एक सूत निघालं नाही.

त्यानंतर ती थांबली नाही. नोकरी सोडली, कंपनी काढली, नव्या कलाकारांना मंच दिला, शहरोशहरी थिएटरं उभारली. मी गोदामात स्पीकरच्या खोक्यांखाली गेले. उंदरांनी कोपरा खाल्ला. टाके तेवढे टिकले.

इकडे ऑफिसात तिच्या प्रत्येक वाक्याला सगळे हसू लागले. पगार देणाऱ्याच्या विनोदाला कोण हसत नाही? आपण अजून हसवू शकतो का, हेच तिला कळेना. म्हणून चंदीगडच्या नव्या थिएटरच्या उद्घाटनाला बऱ्याच वर्षांनी ती स्वतः उभी राहणार होती. त्या सकाळी तिने मला शोधून काढलं.

थिएटर सांभाळणारा सर्वेश म्हणाला, "मॅडम, एवढ्या महाग कार्पेटवर ही?"

"हीच," ती म्हणाली. संध्याकाळी मला मंचासमोर अंथरलं आणि म्हाताऱ्या काकू गुडघे सावरत माझ्यावर बसल्या.

कार्यक्रम झाला. थिएटर उभं राहून टाळ्या वाजवत होतं. कश्मिरा खाली उतरली ती थेट माझ्यापाशी. एक सूत निघालं होतं. काकूंच्या जागेवरचं.

"मीच उपसलं," काकू म्हणाल्या. "मध्येच गोष्ट सोडून तू स्वतःची आरती ओवाळायला लागलीस."

कश्मिरा भारी कपड्यांनिशी जमिनीवर बसली. "सर्वेश, सुई ला यार," ती म्हणाली. "काकू, उद्या पुन्हा करते. तुम्ही इथेच बसायचं, पक्का."

"गुडघ्यांना विचारून सांगते."

गुडघ्यांनी होकार दिला. दुसऱ्या दिवशी काकूंचे दोन्ही हात डोळ्यांवर होते, हसून आलेलं पाणी पुसत. सुतं उपसायला ते मोकळेच नव्हते.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल. तेव्हा खरं सांगणारं जुनं काही, वस्तू असो वा माणूस, खोक्यांखाली टाकू नका. अधूनमधून ऊन दाखवा, विचारपूस करा. आणि चूक निघालीच, तर सुई आपल्याच हातात घ्या.