भिंतीच्या कडेने

“मास्तर, अजून जोरात दाबा. लाजू नका, गाडी तुमचीच आहे.”

हे जमिनीवर बसून पुढच्या चाकामागे हात घालून होते आणि मास्तर बॉनेटचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडत होते. मास्तर म्हणजे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, आमचे वीस वर्षांचे गिऱ्हाईक. गाडी खालीवर झाली आणि आतून आवाज आला. खट. खट.

“सापडला चोर,” हे म्हणाले. “लिंक रॉड ढिला झालाय. इथं बोट ठेवा, हाताला कळेल.”

मास्तरांनी बोट ठेवलं आणि तोंडभर हसले. मी जेवणाचा डबा मांडीवर घेऊन दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. मी येऊन पाऊण तास झाला होता, डबा गार होत चालला होता, पण गिऱ्हाईक असताना मी गॅरेजमध्ये तोंड उघडत नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी एकदा उघडलं होतं, एका डॉक्टरसमोर, ‘अहो, आवाज डावीकडून येतोय’ म्हणून. आवाज डावीकडूनच येत होता. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. त्यानंतर मी कानाला खडा लावला.

मास्तरांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. मोठ्या शोरूमवाल्यांनी गाडीच्या दुखण्यांची यादी करून दिली होती. एकूण नऊ दुखणी.

“उद्या पहाटे घाट उतरून मुलीला आणायला जायचंय,” मास्तर म्हणाले. “तिचं बाळ दीड महिन्याचं आहे. हे लोक म्हणतात, एवढं सगळं केल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. मला तर यादी वाचूनच धडकी भरली. तुम्ही सांगाल ते खरं.”

ह्यांनी कानावरची पेन्सिल काढली, कागद बॉनेटवर पसरला आणि एकेक ओळ खोडायला लागले. “शॉकअप चारही बदला? तेल गळत नाही, गाडी डुलत नाही, कशाला बदलायचे? खोटं. स्टिअरिंग रॅक? काहीतरीच. खोटं. लिंक रॉड, हे खरं.” पुढच्या ब्रेक पॅडच्या ओळीवर पेन्सिल जरा थांबली. हे वाकले, चाकाच्या फटीतून बॅटरीचा उजेड टाकून बघितलं. “अर्धं पॅड शिल्लक आहे की! मास्तर, गाडी चिरकते का कधी?”

“छे! खटखट सोडली तर काही नाही.”

“मीही मघाशी फिरवून आणली, मलाही काही लागलं नाही.” आणि तीही ओळ खोडली गेली.

पूर्वी हे चाक उतरवल्याशिवाय ब्रेकबद्दल चकार शब्द काढत नसत. हल्ली उठताबसता गुडघे बोलतात, म्हणून जे कानाला कळतं तेवढ्यावर भागवतात. आणि कान म्हणजे ह्यांची सगळी कमाई. या भागात ह्यांचं नाव फार लोकांना माहीत नाही, ‘कानवाले मिस्त्री’ म्हटलं की कुणीही गॅरेज दाखवतं. गाडी वळणावर असतानाच गॅरेजच्या दारातून म्हणायचे, “मागचं बेअरिंग गेलंय हिचं.” माझं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देतील, पण गाडीचं ऐकताना श्वाससुद्धा रोखून धरतील. मी चाळीस वर्षं हेच ऐकत जेवले आहे. खट म्हणजे लिंक, धबधब म्हणजे शॉकअप, करकर म्हणजे रबरी बुश, घरघर म्हणजे बेअरिंग. आणि चीं म्हणजे ब्रेक पॅड. पॅड संपत आलं की डिस्कला घासून ओरडावं म्हणून त्याला मुद्दाम पत्र्याची जीभ लावलेली असते, असं हे सांगायचे. “मरताना सांगून मरतं बिचारं. ऐकणारा पाहिजे.”

नवीन लिंक बसली. “आता तुम्हीच भिंतीच्या कडेने एक फेरी मारा,” हे मास्तरांना म्हणाले.

आमच्या गॅरेजसमोर बंद पडलेल्या कारखान्याची लांबच लांब दगडी भिंत आहे. काचा खाली करून त्या भिंतीला चिकटून गाडी हळू चालवायची, म्हणजे चाकातला बारीकसारीक आवाज भिंतीवर आपटून परत कानात येतो. ही ह्यांची जुनी युक्ती. मास्तर निघाले. हे कमरेवर हात ठेवून, मान वाकडी करून उभे राहिले.

आणि मी तो आवाज ऐकला. चीं… चीं… चीं… चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा, दात आंबावेत असा. भिंतीवरून तो दुप्पट होऊन येत होता.

मी ह्यांच्याकडे बघितलं. चेहरा समाधानाने भरलेला.

“गेला!” मास्तर खिडकीतून ओरडले.

“गेला!” हे इकडून ओरडले. दोघं म्हातारे एकमेकांकडे बघून हसत होते आणि मध्ये ती गाडी जिवाच्या आकांताने चिरकत होती. मी डबा घट्ट धरून बसून राहिले. मास्तरांनी हॉर्न वाजवला आणि गाडी वळणापलीकडे गेली.

खरं सांगायचं तर मला हे नवीन नव्हतं. वर्षभरापासून मी बघत होते. सकाळी खिडकीशी चहा घेताना हे म्हणायचे, “हल्ली चिमण्या राहिल्याच नाहीत.” आणि डोक्यावरच्या झरोक्यात चिमण्यांनी नुसता गोंधळ घातलेला असायचा. मी म्हणायचे, “हो ना.” कानांवर जगणाऱ्या माणसाला आणखी काय सांगायचं? वाटायचं, घरातलं घरात राहील. लिंक कळते, बेअरिंग कळतं, जाड आवाज सगळे कळतात, बारीक तेवढे गेलेत. चालतंय तोवर चालू दे. मी कानाडोळा केला म्हणा, नाही तर माया म्हणा. पण त्या दिवशी मला ह्यांची दया नाही आली, भीती वाटली. दीड महिन्याचं बाळ आणि घाटाचा उतार माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

तरी मी आधी डबा उघडला. उपाशी माणसाला काय सांगणार? ह्यांचे शेवटचे दोन घास राहिले होते तेव्हा मी म्हणाले, “मास्तरांची गाडी चिरकत होती.”

“कुठं? मी इथंच तर उभा होतो.”

“उभे होतात. ऐकू नाही आलं तुम्हाला.”

ह्यांचा हात थांबला. “ब्रेकचा आवाज आता तू मला शिकवणार?”

“तुम्हीच शिकवलाय. चीं म्हणजे पॅड.”

“वाळू अडकली असेल एखादी. तेवढ्यात जाते.”

“मग वर्षभर तुमच्या कानात कुठली वाळू अडकलीय? फोन वाजतो, तुम्ही हलत नाही. दारावरची बेल वाजली की दार मीच उघडते.” मी चिमण्यांचं नाव काढलं नाही. ते माझ्याने होईना. “रागावा. दोन दिवस काय, दोन महिने बोलू नका. पण ती गाडी उद्या घाटात जाणार आहे.”

ह्यांनी ताटली पुढे सारली. मला वाटलं, झालं, पुन्हा ते पहिलं वर्ष. मग ताटलीतल्या घासाकडे बघत म्हणाले, “मागल्या महिन्यात तो टॅक्सीवाला आला होता. ब्रेक ठीक आहेत म्हणून मीच सोडलेली गाडी, डिस्क पार खरवडून आणली होती. मी त्याला म्हटलं, हल्ली पॅडचा माल खोटा येतो.” जरा थांबून म्हणाले, “त्याच्याआधी ती पांढरी गाडी. तिलाही तेच सांगितलं.”

ह्यांनी हात धुतले, ते दोन घास तसेच राहिले, आणि गॅरेजचं शटर खाली ओढलं. भर दुपारी शटर ओढलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. “चल,” म्हणाले. “मागं बस.”

मास्तरांच्या घरी आम्ही स्कूटरवरून पोचलो तेव्हा मास्तर गाडी पुसत होते आणि त्यांची बायको पायरीवर बसून बाळासाठी दुपट्यांच्या घड्या घालत होती. आम्हाला बघून मास्तरांना वाटलं, पाना-बिना विसरलाय. हे सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. पाटी कोरी घेऊन मुलगा वर्गात उभा राहतो तसे.

“मास्तर, त्या यादीतलं अजून एक खरं होतं. मी खोडलं.”

“कोणतं?”

“ब्रेकचं. गाडी चिरकते. मला नाही आलं ऐकू.” मग माझ्याकडे मान करून म्हणाले, “हिला येतं.”

चाळीस वर्षांत ह्यांनी माझ्याबद्दल चारचौघांत काढलेले हे पहिलेच शब्द असतील. मला मान मिळाल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मी पायातल्या चपलेकडे बघत राहिले, कारण ह्यांच्याकडे बघवेना.

“मलाही नाही आलं हो,” मास्तर पुटपुटले.

“तुम्ही मास्तर. तुम्हाला नाही आलं तर चालतं.”

तेवढ्यात पायरीवरून बाई कडाडल्या, “महिनाभर मी घसा फोडून सांगतेय, गाडी रडते, गाडी रडते! हे म्हणतात, तुझे कान वाजतात. ऐकतंय कोण बाईमाणसाचं?” आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. एरवी आम्ही दोघी पोट धरून हसलो असतो.

मास्तर क्षणभर गाडीच्या किल्लीशी चाळा करत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ दे, मी शोरूमलाच नेतो. म्हणाले असते तर मी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी किल्ली ह्यांच्या हातात दिली. “चला, आम्हीही येतो,” एवढंच म्हणाले.

गॅरेजमध्ये ह्यांनी जॅक लावला आणि कण्हत का होईना, चाक उतरवलं. बाहेरचं पॅड खरंच अर्धं शिल्लक होतं. आतल्या बाजूचं नखाएवढंही उरलं नव्हतं. ब्रेकची सरकती पिन गंजून जाम झाली होती, त्यामुळे सगळा भार एकट्या आतल्या पॅडवर पडत होता, आणि चाकाच्या फटीतून दिसतं ते बाहेरचं. पत्र्याची ती जीभ घासून चकचकीत झाली होती. ह्यांनी ती अंगठ्याने चाचपली. “किती ओरडलं असेल,” म्हणाले.

स्वतः दुकानात जाऊन नवीन पॅड आणले. दुसऱ्या बाजूचंही चाक काढलं. पिना घासल्या, ग्रीस लावलं, प्रत्येक बोल्ट दोनदा आवळला. मास्तर मदत करू का विचारत होते, त्यांना नको म्हणाले. मग तो नऊ दुखण्यांचा कागद मागून घेतला आणि ब्रेकच्या खोडलेल्या ओळीच्या बाजूला पेन्सिलने लिहिलं, ‘हे खरं होतं’. कागद घडी करून मास्तरांना परत दिला.

ऊन कलायला लागलं होतं. गाडी खाली उतरवली आणि मास्तर स्टिअरिंगवर बसायला पुढे झाले, तर ह्यांनी त्यांना हाताने थांबवलं. शेजारच्या सीटचं दार उघडून मला म्हणाले, “बस.”

मी साडी सावरून बसले. मी ह्यांच्या गॅरेजमधल्या एकाही गाडीत कधी बसले नव्हते. काचा खाली केल्या. भिंत माझ्या बाजूला हातभर अंतरावर होती.

“आला की सांग,” हे म्हणाले.

गाडी हळूहळू निघाली. मी श्वास रोखून धरला. हे का धरायचे ते तेव्हा कळलं. टायरखाली खडी चुरचुरत होती.

“आला?”

“नाही.”

थोडं पुढे गेल्यावर ह्यांनी ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. “आता?”

“नाही. अगदी साफ.”

“नीट ऐक. घाई करू नको.”

मी नीट ऐकलं. चाकं गप्प होती. भिंतीवरून मात्र दुसराच आवाज येत होता, दगडांच्या फटीफटीतून, सकाळी आमच्या झरोक्यातून येतो तसा, आणि तो इतका होता की काय सांगावं हे मला कळेना. पण ह्यांनी नीट ऐक म्हटलं होतं. खोटं बोलायचं आता पुरे झालं होतं.

“गाडीचा काही नाही,” मी म्हणाले. “चिमण्यांचा आहे.”

ह्यांनी गाडी थांबवली. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

“आहेत अजून?”

“आहेत. पुष्कळ आहेत.”

हे माझ्या खिडकीतून त्या भिंतीकडे बघत बसले, मान वाकडी करून, एखादी अवघड गाडी ऐकताना बसतात तसे. लांब गॅरेजपाशी मास्तर हात हलवून विचारत होते, काय झालं म्हणून. मी त्यांना हातानेच खूण केली, जरा थांबा.