उन्हात वाळवलेला सेल

भीमराजच्या बेस गिटारीला चार तारा आहेत, एवढंच तिच्याबद्दल दारव्ह्यातल्या लोकांना ठाऊक होतं. इंद्रजितच्या भीमगीत पार्टीत तो नऊ वर्षं मागे उभा राहून ती वाजवत होता. त्याची आई तुळसाबाई कानाने जड. ती म्हणायची, माझा पोरगा गाणंभर उभा राहून पोट खाजवतो आणि फुकटच्या टाळ्या घेतो.

त्यात इंद्रजितने नवा कीबोर्ड आणला. बेसचं काम आता माझ्या डाव्या हातानेच होतं, जीपमध्ये एक माणूस कमी बसेल, असं तो लाजत लाजत बोलला. चौदा एप्रिलचा कार्यक्रम तेवढा वाजवू दे, मग काय ते ठरव, असं भीमराजने मागून घेतलं.

त्या साली कापूस इतका कमी आला की सरकी काढायची जिनिंग फॅक्टरी संक्रांतीलाच बंद पडली. तिथे कामाला असलेल्या भीमराजकडे मग वेळच वेळ. तो नागपूरला जाऊन नवा पिकअप आणि प्रीअँप घेऊन आला. पिकअप तारांचा आवाज धरतो आणि प्रीअँप त्याला जोर देतो, हे त्याने बायकोला, दीपमालाला, तीनदा समजावलं. तिने तीनदा मान डोलावली आणि भाकर उलटली. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून दोन्ही बसवून घेऊन त्याने घरी आपल्या मोठ्या स्पीकरला जोडून पहिला सूर लावला, तर मांडणीवरची ताटं थरथरली आणि शेजारच्यांची कोंबडी अंगण सोडून पळाली.

तुळसाबाईने कपाळाला आठ्या घालून विचारलं, हे काय नवीन? आत चौकोनी सेल आहे, तो संपला की गिटार मुकी, आणि गिटार मुकी तर इंद्रजित मला काढणार, असं भीमराजने तिच्या कानाशी ओरडून सांगितलं. इथेच त्याचं चुकलं.

लोडशेडिंगचे दिवस होते. टॉर्चचा असो की रेडिओचा, घरातला प्रत्येक सेल तुळसाबाई छपराच्या टिनावर उन्हात वाळवायची. ऊन खाल्लं की सेल भरतो, यावर तिचा पक्का विश्वास. चौदा एप्रिलला भर दुपारी भीमराज शर्टाला इस्त्री करत बसलेला पाहून तिने गिटारीच्या पाठीचं झाकण उघडलं आणि लेकाची लाज राहावी म्हणून सेल टिनावर मांडला. जीप नेमकी तासभर आधी आली. गिटार तशीच रिकाम्या पोटी गेली.

संध्याकाळी पहिल्या गाण्याला भीमराजने तार छेडली आणि काहीच वाजलं नाही. इंद्रजितने तिकडे न बघताच डावा हात कीबोर्डच्या खालच्या सुरांवर सरकवला. खांबावरच्या भोंग्यांतून गाणं छान गेलं, पोरं नाचली, कोणाला काही कमी वाटलं नाही. भीमराज मुक्या तारांवर बोटं फिरवत राहिला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाणं संपलं तशी पुढच्या सतरंजीवरून तुळसाबाई उठली. एवढा वेळ ती स्टेजच्या फळीला तळहात लावून बसली होती.

"इंद्रजित, गाणं कवा सुरू करतं बापा?"

इंद्रजित वाकून म्हणाला, "माय, एक झालं की."

"मले तं नाही आलं. घरी हा वाजवते तं मले पायातून गाणं येते. याले काढशीन तं मी कायले येऊ?"

मग तिने पदराची गाठ सोडली आणि सेल भीमराजच्या हातावर ठेवला. "उन्हात ठेवलता. आता गच्च भरला असन. लाव."

सेल अजून कोमट होता. आईला आपलं वाजवणं पोचतं, हे भीमराजला नऊ वर्षांत पहिल्यांदा कळलं, आणि झाकण लावताना त्याला नीट दिसेना. दुसऱ्या गाण्याला स्टेजवर ठेवलेल्या त्याच्या स्पीकरने फळी थरथरू लागली. तुळसाबाई तिच्यावर बोटांनी ठेका धरून बसली, आणि तिचा ठेका एकदाही चुकला नाही. इंद्रजितने ते पाहिलं आणि डावा हात मुकाट्याने मांडीवर ठेवला.

सेल नवाकोरा होता, उन्हाने त्यात काही भरलं नव्हतं, हे भीमराजने आईला कधीच सांगितलं नाही. आता कार्यक्रमाच्या दिवशी तो स्वतःच सेल काढून तिच्या हातात देतो. आणि जीप दारात आली की इंद्रजित आधी उतरून विचारतो, "माय, वाळला का सेल?"